अंथरूण कोणाचे, पाय कोणाचे : 'इंग्रजांनी दिलेल्या' रेल्वेचा हिशेब (थ्रेड)

१/
दर वर्षी १६ एप्रिल उजाडला की समाजमाध्यमांवर तोच मजकूर फिरू लागतो. १८५३ साल, बोरीबंदर ते ठाणे, २१ मैल, चौदा डबे, चारशे पाहुणे, तोफांची सलामी, आणि 'साहिब', 'सिंध', 'सुलतान' ही तीन इंजिने. शेवटी ठरलेला निष्कर्ष येतो : "काही म्हणा, इंग्रजांनी रेल्वे तरी दिली."
'दिली' या एका क्रियापदाची तपासणी हा या थ्रेडचा विषय.

२/
अर्थसंकल्पाच्या दिवसांत दुसरा मजकूर फिरतो. सरकारवरील कर्जाचा प्रचंड आकडा, त्याला लोकसंख्येने भागून काढलेले 'तुमच्या डोक्यावरचे कर्ज', आणि खाली उपदेश : अंथरूण पाहून पाय पसरावेत.
वरवर पाहता या दोन विधानांचा एकमेकांशी संबंध नाही. चूक मात्र एकच आहे. पहिले विधान कर्ज विसरते आणि दुसरे कर्जाचे प्रयोजन विसरते. भारतीय लोहमार्गांचा इतिहास दोन्ही विधाने खोटी ठरवतो.

३/
आधी अंथरुणाविषयी. घराला लागू पडणारी म्हण राज्याला तशीच लागू पडत नाही. लोहमार्ग, कालवा, धरण ही कामे पन्नास-शंभर वर्षे उपयोगी पडतात. त्यांचा सगळा खर्च एकाच वर्षाच्या करदात्यावर लादणे अन्यायाचे असते. म्हणून सरकार रोखे विकते, काम आज उभे करते आणि परतफेड पुढील पिढ्यांवर वाटून टाकते. काम चांगले असेल तर त्यातून वाढणारे उत्पन्नच व्याज भरते. सार्वजनिक कर्जामागचे साधे तत्त्व एवढेच आहे.

४/
इंग्लंडचेच उदाहरण घ्यावे. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर, १८१५ च्या सुमारास, त्या देशावरील कर्ज त्याच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास दुप्पट होते. तरी तो देश बुडाला नाही. उलट पुढील अर्धशतकात तो जगाचा कारखाना झाला.
गरिबांच्या करातून श्रीमंत रोखेधारकांना व्याज जाते, ही तक्रार तेथेही होती आणि ती खरी होती. परंतु कर्ज तेथील संसद मंजूर करीत होती, आणि व्याजाचा पैसा बहुतांशी त्याच देशात फिरत होता.

५/
तेव्हा कर्जाचा आकडा पाहून काहीच ठरत नाही. प्रश्न चार आहेत. कर्ज काढायचे कोणी ठरवले? पैसा कशावर खर्च झाला? व्याज कोणाच्या हाती गेले? आणि व्यवहार बुडाला तर भरपाई कोणी केली?
हे चार प्रश्न हाती घेऊन १८४९ कडे जावे.

६/
१७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या लंडनमधील कंपनीशी करार केला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या बाजूला ईस्ट इंडियन रेल्वेशीही झाला. कराराचा गाभा असा : भागधारकांच्या भांडवलावर सालीना ५ टक्के व्याजाची हमी, आणि जमीन ९९ वर्षांसाठी फुकट. गाडी नफ्यात चालो वा तोट्यात, ५ टक्के मिळणारच. कमी पडेल तेवढी रक्कम भारताच्या महसुलातून भरली जाणार.

७/
कलमे एवढ्यावर थांबत नाहीत. मार्ग चालवणे नकोसे वाटल्यास कंपनीला तो सरकारच्या स्वाधीन करून गुंतवलेले सर्व भांडवल परत मागता येत होते. उलट, सरकारला ठरावीक मुदतीनंतर मार्ग विकत घ्यावयाचा असेल, तर भागांची बाजारातील सरासरी किंमत मोजावी लागत होती. आणि ती किंमत चढली होती ती सरकारने स्वतः दिलेल्या हमीमुळे.
म्हणजे मालाचा भाव ग्राहकानेच आधी वाढवून ठेवावा आणि मग त्याच भावाने माल घ्यावा, असा हा सौदा.

८/
पहिला प्रश्न : ठरवले कोणी? मुंबईत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या धुरीणांना रेल्वे हवी होती, त्यांनी त्यासाठी पुष्कळ खटपटही केली. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हमीची कलमे ठरली लंडनमध्ये, लँकेशायरच्या कापूसगिरण्या आणि लंडनचे भांडवलदार यांच्या दडपणाखाली. ज्या रयतेच्या साऱ्यावर ती हमी उभी होती, तिचा एकही प्रतिनिधी कोणत्याही सभागृहात नव्हता.

९/
हमीचा परिणाम काय होतो, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. काटकसर केली तरी ५ टक्के आणि उधळपट्टी केली तरी ५ टक्के. मग काटकसर कोण करणार? लॉर्ड डलहौसीच्या काळी दर मैलास सुमारे ८,००० पौंड खर्चाचा अंदाज होता. प्रत्यक्ष खर्च त्याच्या दुपटीहून अधिक झाला.
भोर घाट आणि थळ घाट यांसारखी अवघड कामे त्यात होती, हे खरे. परंतु गंगेच्या सपाट मैदानातही खर्च आटोक्यात राहिला नाही. तेथे कोणता घाट होता?

१०/
या उधळपट्टीची साक्ष कोणा राष्ट्रवादी पुढाऱ्याची नाही. भारत सरकारचा माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी याने १८७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे स्पष्ट सांगितले की, कंत्राटदारांना खर्च कमी करण्याचे काहीच कारण नव्हते. भारताच्या महसुलातून ५ टक्के पक्के असल्यावर, आपला पैसा हुगळी नदीत फेकला जातो की विटा-चुन्यात जातो, याची इंग्रज भांडवलदाराला फिकीर नव्हती, असा त्याच्या साक्षीचा आशय आहे.

११/
त्याच्याही आधी, १८६९ मध्ये, व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स याने आपल्या टिपणात हाच हिशेब मांडला : नफा सगळा कंपन्यांचा, तोटा सगळा सरकारचा.
त्याचा मुद्दा व्यवहारी होता. सरकारला स्वतःच्या नावावर ४ टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळत असताना, दुसऱ्याने उभारलेल्या भांडवलाला ५ टक्क्यांची हमी कशासाठी द्यावी? त्याच्या आग्रहातून १८७० च्या दशकात सरकारने स्वतः लोहमार्ग बांधण्यास आरंभ केला. १८८० नंतर कमी दराच्या हमीने कंपन्या पुन्हा आल्या.

१२/
'इंग्रज भांडवलदारांनी जोखीम पत्करली' असे म्हणणाऱ्यांसाठी ही दोन टिपणे पुरेशी आहेत. जोखीम पत्करली ती मीठ विकत घेणाऱ्याने आणि सारा भरणाऱ्याने. इतिहासात याला 'खाजगी उद्योग, सार्वजनिक जोखीम' म्हणतात. गावच्या भाषेत सांगायचे तर नफा सावकाराचा आणि तोटा कुळाचा.
सर्व लोहमार्ग एकत्र धरता सरकारला निव्वळ फायदा दिसू लागला तो १९०० च्या सुमारास, म्हणजे पहिली गाडी सुटल्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

१३/
१९०० मध्येच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सरकारने विकत घेतली. किंमत एकरकमी नव्हे, तर १९४८ पर्यंत चालणाऱ्या वार्षिक हप्त्यांनी चुकती करावयाची होती. मालकी सरकारची झाली, पण मार्ग चालवण्याचे काम पुन्हा त्याच कंपनीकडे सोपवले गेले. ते सरकारकडे आले १९२५ मध्ये.
ज्या देशाने हमी भरली, जमीन दिली, मजूर दिले आणि शेवटी विकतही घेतली, त्या देशाला ती रेल्वे 'दिली' असे कसे म्हणावे?

१४/
लोहमार्गाचे कर्ज निदान लोहमार्ग तरी मागे ठेवून गेले. बाकीच्या कर्जाचे काय?
१८३३ च्या सनदेने कंपनीचा व्यापार बंद झाला, परंतु तिच्या ६० लाख पौंडांच्या भागभांडवलावर साडेदहा टक्के लाभांश भारताच्या महसुलावर बांधून दिला गेला. हे होतात वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड. हा लाभांश चाळीस वर्षे चालला. १८७४ मध्ये दर १०० पौंडांस २०० पौंड या दराने भागधारकांची बोळवण झाली, तीही भारताच्याच खात्यावर.

१५/
मग १८५७. उठाव मोडण्याच्या खर्चाने भारतावरील कर्ज सुमारे ४ कोटी पौंडांनी वाढले. येथे आलेल्या गोऱ्या पलटणींचा खर्च तर लावलाच, पण त्या जहाजात बसण्यापूर्वीच्या सहा महिन्यांचा, इंग्लंडात असतानाचा खर्चही भारताकडून वसूल केला. हे उघड करणारा जॉर्ज विंगेट हा मुंबई इलाख्याच्या जमीन-मोजणीतील गाजलेला अधिकारी होता. दख्खनच्या शेतकऱ्याकडून सारा किती निघतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?
भारताला जिंकण्याचा खर्च भारताचा, आणि जिंकलेला भारत टिकवण्याचा खर्चही भारताचा.

१६/
तिसरा प्रश्न व्याजाचा. हे व्याज लंडनमध्ये, पौंडांत भरायचे होते. सारा मात्र चांदीच्या रुपयांत गोळा होत होता. १८७० च्या आधी रुपया साधारण दोन शिलिंगांचा होता, म्हणजे एका पौंडाला दहा रुपये. पुढे चांदी घसरत गेली. १८९८-९९ मध्ये रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिर केला गेला, म्हणजे एका पौंडाला पंधरा रुपये.
कर्ज एक पैशानेही न वाढता व्याजाचा बोजा दीडपट झाला. परकीय चलनातील कर्जाचा हा धडा प्रत्येक पिढीने नव्याने विसरायचा, अशी रीत दिसते.

१७/
ही तूट भरायची कशी? १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला गेला. शतकाच्या अखेरीस 'होम चार्जेस', म्हणजे भारताच्या नावावर विलायतेत होणारा सरकारी खर्च, वर्षाला सुमारे १ कोटी ७० लाख पौंडांपर्यंत गेला. त्यात कर्जाचे व लोहमार्गाचे व्याज मोठे होते. पेन्शने, लष्कर आणि लंडनमधील कचेरीचा खर्चही त्यातच.
दादाभाई नौरोजींचा मुद्दा येथे नेमका लागू पडतो. अमेरिकेसारखा देश लोहमार्गासाठी कर्ज काढतो तेव्हा बाहेर जाते ते फक्त व्याज; भारताच्या बाबतीत व्याज जाते, पगार जातात, सामानाची किंमत जाते आणि अनुभवही जातो.

१८/
आता दुसरा प्रश्न, आणि सर्वांत जिव्हारी लागणारा : पैसा कशावर? १८७६–७८ च्या दुष्काळात ५० लाखांहून अधिक माणसे मेली. दख्खन त्यात होरपळला. रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरील मजुराची रोजी एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा, एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा आणि तिचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

१९/
दुष्काळानंतर सरकारने सार्वजनिक कामांचे दोन वर्ग पक्के केले. जे काम आपले व्याज स्वतः भरून काढील ते 'उत्पादक'. त्यासाठी कर्ज मिळणार. जे केवळ दुष्काळापासून बचाव करील ते 'संरक्षक'. त्यासाठी चालू महसुलातील तुटपुंजी रक्कम.
दख्खनच्या खडकाळ, हंगामी नद्यांच्या प्रदेशात कालवे क्वचितच 'उत्पादक' ठरत. नीरेच्या डाव्या कालव्यासारखी थोडी कामे 'संरक्षक' म्हणून झाली. बाकीचा कोरडवाहू मुलूख पावसाच्या भरवशावर राहिला.

२०/
हीच कसोटी लोहमार्गांना लावली असती तर? ते दशकानुदशके आपले व्याज भरून काढू शकत नव्हते. परंतु त्यांना कसोटी नव्हती, हमी होती. कालव्याने आधी नफा सिद्ध करावा, आणि रेल्वेचा तोटा तिजोरीने निमूट भरावा.
रोमेशचंद्र दत्तांनी मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे. १९०२ पर्यंत लोहमार्गांवर सुमारे २२ कोटी ६० लाख पौंड. पाटबंधाऱ्यांवर सुमारे २ कोटी ४० लाख. पाण्यासाठी एक, तर रुळांसाठी नऊहून अधिक.

२१/
१८७८ मध्ये दुष्काळविम्यासाठी म्हणून दरसाल दीड कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यासाठी धंद्यांवर परवाना कर आणि जमिनीवर नवे उपकर बसले. सुरतेत परवाना करावरून दंगा झाला. मग अफगाण युद्ध आले, इंग्लंडहून येणाऱ्या कापडावरील जकातीत सूट दिली गेली, आणि विम्याची रक्कम अडवून ठेवण्यात आली. कर मात्र चालू राहिले.
दुष्काळाचे नाव घेऊन कर गोळा झाला आणि काबूलच्या वाटेवर खर्ची पडला. पैसा नव्हता हे खरे नाही. निवड झाली होती.

२२/
येथवर वाचून 'म्हणजे कर्जच वाईट' असा निष्कर्ष काढणारे सुखावतील. त्यांनी महाराष्ट्राचे त्या काळचे अर्थविचारक वाचावेत. न्यायमूर्ती रानडे कर्जाच्या विरोधात नव्हते. १८९० मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी डचांच्या जावामधील पद्धतीवर निबंध वाचला. सक्तीची मजुरी हा त्या पद्धतीचा काळाकुट्ट भाग होता. रानड्यांना घ्यायचे होते ते पतपुरवठ्याचे तत्त्व : सरकारला स्वस्त व्याजाने पैसा मिळतो, तो स्थानिक संस्थांमार्फत देशी उद्योगांना मिळावा.

२३/
त्यामागील तर्क बिनतोड होता. परक्या रेल्वे कंपन्यांना हमी देताना सरकारला 'मुक्त व्यापारा'ची आठवण होत नाही. साखर, लोखंड, कापड यांच्या देशी कारखान्याला कर्ज देण्याची वेळ आली की ती नेमकी होते. सरकारने अर्थव्यवहारात पडू नये, हे तत्त्व एका दाराशी पाळायचे आणि दुसऱ्या दाराशी मोडायचे, हे रानड्यांना मान्य नव्हते.

२४/
त्यांचे सहकारी गणेश व्यंकटेश जोशी (सार्वजनिक काका वेगळे, नावांच्या साम्याने गफलत होते) हे पेशाने शिक्षक. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी सरकारी आकडे सरकारवरच उलटवले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली गोपाळ कृष्ण गोखले तयार झाले. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे लंडनला साक्ष देताना गोखल्यांचे वय तीसच्या आसपास होते.

२५/
गोखल्यांचे १९०२ चे अर्थसंकल्पावरील भाषण हे मिठावरच्या करासाठी आणि दुष्काळाच्या वर्षांतील सरकारी शिलकीवरील टीकेसाठी ओळखले जाते. परंतु त्यांनी पुढे वारंवार मांडलेला एक मुद्दा विसरला जातो. सरकार करांतून उरलेली शिल्लक लोहमार्ग बांधण्यात घालत होते. गोखल्यांचे म्हणणे याच्या उलट होते. रेल्वे हा व्यापारी व्यवहार आहे, तो कर्जातून करावा. गरिबाकडून आलेली शिल्लक शाळा, आरोग्य आणि करकपात यांसाठी वापरावी.
ज्यांना आज कर्ज म्हणजे केवळ पाप वाटते, त्यांना गोखले 'उधळे' म्हणायचे आहेत काय?

२६/
चारही प्रश्नांची वेगळी उत्तरे कशी असू शकतात, हे जपानमध्ये दिसते. १८७० मध्ये मेजी सरकारने लंडनमध्ये १० लाख पौंडांचे पहिले परदेशी कर्ज काढले. व्याज होते ९ टक्के, भारताच्या हमीच्या जवळपास दुप्पट. त्यातून तोक्यो–योकोहामा लोहमार्ग १८७२ मध्ये सुरू झाला. १८७३ मध्ये दुसरे कर्ज झाले. त्यानंतर १८९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जपानने परदेशी कर्ज घेतले नाही. १८७८ मध्ये औद्योगिक कामांसाठी १ कोटी २५ लाख येनचे रोखे विकले, ते देशातच.

२७/
१८८० मध्ये क्योतो–ओत्सू मार्गावरील बोगदा जपानी अभियंत्यांनी स्वतः पुरा केला. इंजिनांच्या बाबतीत तर तुलना डोळ्यांत अंजन घालणारी आहे. जपानने आपले पहिले इंजिन १८९३ मध्ये कोबे येथे बांधले. भारतात ते १८९५ मध्ये अजमेरला बांधले गेले. अंतर अवघ्या दोन वर्षांचे!
पुढे जपान स्वतःची इंजिने स्वतः घडवू लागला. भारतात १९४१ पर्यंत सुमारे सातशे इंजिने बांधली गेली. ब्रिटनमधून आली ती हजारोंनी. हात तोच होता, कुवत तीच होती. खरेदीचा हुकूम मात्र लंडनहून निघत होता.

२८/
जपानलाही निष्पाप ठरवण्याचे कारण नाही. पुढे त्याच राज्याने कर्ज काढून युद्धे केली आणि शेजारी देश गिळले. मुद्दा मर्यादित आहे. महाग व्याजाचे कर्जही स्वतःच्या निर्णयाने, स्वतःच्या उभारणीसाठी घेतले तर देश घडतो. आणि स्वस्त व्याजाचे कर्जही दुसऱ्याच्या हितासाठी लादले गेले तर देश पोखरला जातो.

२९/
एक आक्षेप प्रामाणिकपणे तपासायला हवा : हमी नसती तर भांडवल आलेच नसते, आणि रेल्वेने व्यापार वाढला, भावांतील तफावत कमी झाली. यातील दुसरा भाग खरा आहे. मुंबईच्या गिरण्या, वऱ्हाडचा कापूस, पंढरीच्या वारकऱ्यांपासून काँग्रेसच्या प्रतिनिधींपर्यंत सर्वांचा प्रवास, सारे रेल्वेने बदलले.
पहिल्या भागाला लॉरेन्सने १८६९ मध्येच उत्तर दिले आहे : सरकारने थेट कर्ज काढून बांधावे. पर्याय 'हमी की बैलगाडी' असा कधीच नव्हता.

३०/
पहिल्या महायुद्धात तर कर्जाच्या राजकारणाने टोक गाठले. १९१७ मध्ये भारत सरकारने ब्रिटनला १० कोटी पौंड 'भेट' दिले आणि त्यासाठी युद्धकर्ज उभारले. व्याज व परतफेडीचा बोजा वर्षाला सुमारे ६० लाख पौंड. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, ते हेच.
त्यातही एक विचित्र योग घडला. पैसा कमी पडला म्हणून कापडावरील आयात जकात साडेतीनवरून साडेसात टक्के करावी लागली. मुंबईच्या गिरण्यांना दशके मागून न मिळालेले संरक्षण एका भेटीचे व्याज भरण्यासाठी मिळाले.

३१/
दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने येथे माल घेतला, लंडनमध्ये खात्यावर पौंड लिहिले, आणि येथे नोटा छापल्या गेल्या. नोटांचे चलन सुमारे सहापट झाले. महागाई हेच सक्तीचे कर्ज ठरले. त्याचा कर्जदाता होता रोजंदारीवर जगणारा माणूस. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात अनेकांनी ते जीव देऊन फेडले.
युद्धाच्या अखेरीस ब्रिटनच भारताचा सुमारे १३० कोटी पौंडांचा देणेकरी होता. शतकभर 'ऋणको' म्हणून हिणवलेला देश अखेर सावकार निघाला, तोही उपाशीपोटी.

३२/
हे सारे जुने झाले, असे वाटत असेल तर १९९३ आठवावे. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्प. परदेशी कंपनी, मंडळाने वीज घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार, डॉलरशी बांधलेली किंमत, राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि प्रतिहमी वसूल करण्यापर्यंत गोष्ट गेली. त्याच वर्षाअखेर एन्रॉन स्वतः दिवाळखोर झाली.
या वेळी मान्यता लोकनियुक्त सरकारांनी दिली होती, हा फरक मोठा आहे. परंतु १८४९ चा करार ज्याने वाचला होता, त्याला १९९३ ची कलमे अनोळखी वाटली नसती.

३३/
म्हणूनच इतिहास केवळ वर्धापनदिनापुरता वाचायचा नसतो. उद्या एखादा रस्ता, बंदर, मेट्रो वा धरण जाहीर होईल. तेव्हा 'विकास' या शब्दाने हुरळू नये आणि 'कर्ज' या शब्दाने दचकू नये. हमी कोणाची, ती अर्थसंकल्पात कोठे दिसते, परतफेड कोणत्या चलनात, तोटा झाला तर कोणत्या कलमाखाली कोण भरणार, हे विचारावे. सरकारी हमी हे कर्जच असते. फक्त ते आजच्या आकड्यात दिसत नाही.

३४/
रानडे, जोशी, गोखले यांच्या हाती ना मत होते ना सत्ता. होते ते सरकारने छापलेले आकडे आणि ते वाचण्याची चिकाटी. आज मतही आहे आणि आकडे खुलेही आहेत.
१६ एप्रिलला बोरीबंदरच्या गाडीचे स्मरण अवश्य करावे. परंतु ती गाडी कोणी 'दिली' नाही. ती या देशाने विकत घेतली, दामदुपटीने, आणि किंमत ठरवताना त्याला कोणी विचारले नव्हते. अंथरूण त्याचे होते; पाय दुसऱ्याचे होते.
(समाप्त)